'बॉम्बे'मध्ये 'बे' आहे का?

प्रश्न असा आलाय : "पोर्तुगिजांनी इथला उपसागर पाहून 'बॉम बाइया', म्हणजे 'चांगला उपसागर', असं नाव ठेवलं आणि त्याचं बॉम्बे झालं, हे खरं का? मग मुंबईकर 'उपसागर' का म्हणत नाहीत?"

पहिल्याचं उत्तर : नाही. गोष्ट गोड आहे, पण व्याकरणात आपटते. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी, आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. जुन्या गोव्याचं चर्च 'बॉम जीझस', कारण येशू पुल्लिंगी. आफ्रिकेच्या टोकाजवळचं भूशिर मात्र 'बोआ एस्पेरान्सा', कारण आशा स्त्रीलिंगी. म्हणजे इथे 'बोआ बाइया' हवं होतं. 'बॉम बाइया' म्हणणं म्हणजे 'चांगला खाडी' म्हणणं. खलाशी कितीही अडाणी असो, मायबोलीत एवढा घसरत नाही.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. 1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. त्यांनी वसईचं 'बासाइं' केलं आणि मुंबईचं 'बोंबाइं'. शेवटच्या 'ई'वर दोन्हीकडे तोच अनुस्वार! पोर्तुगीजमध्ये मुंबई आजही 'बोंबाइं'च. हा नाकातला उच्चार 'बाइया'त कुठून येणार? सोळाव्या शतकातल्या कागदांत 'मोंबाइं'सुद्धा सापडतं, म्हणजे मुंबादेवीचा 'म' तेव्हा शाबूत होता. पुढे इंग्रजांनी वसईचा अनुस्वार 'बसीन'मध्ये ठेवला, मुंबईचा गाळला, आणि उरलेल्या शेपटीत लोकांना इंग्रजी 'बे', म्हणजे उपसागर, दिसू लागला. तुर्भ्याचं 'ट्रॉम्बे' झालं, तिथे कुणी उपसागर शोधत बसलं का?

आता 'उपसागर'. तो आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकातून आला आणि बंगालला जाऊन राहिला. 'आखात' खंबातला आणि कच्छला. मुंबईत जमिनीत शिरलेलं भरती-ओहोटीचं पाणी म्हणजे खाडी : माहीमची, ठाण्याची, वसईची. आणि चौपाटीसमोर पसरलेलं पाणी? नकाशावर तो 'बॅक बे', कारण मुंबईच्या जुन्या किल्ल्याचं तोंड पूर्वेच्या बंदराकडे आणि हे पाणी त्याच्या पाठीशी. गिरगावकर त्याला नुसतं 'समुद्र' म्हणतो.

विरार लोकल भाईंदर सोडून पुलावर आली की दारातली एखादी मावशी निर्माल्याची पिशवी सावरत शेजारणीला म्हणते, "सरक गं, खाडी आली."