प्रेस कार्ड नाही, तरी बातमी लिहू का?

प्रश्न: गावातल्या रस्त्याच्या कामावर मी ब्लॉग लिहिते. ठेकेदार म्हणतो प्रेस कार्ड दाखव नाहीतर लिहायचं नाही. खरंय का हो?

उत्तर: ताई, अजिबात नाही. आपल्या घटनेत पत्रकारांसाठी वेगळा हक्क नाहीच, त्यांना जे आहे ते कलम 19(1)(अ), म्हणजे बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य, आणि ते तुम्हालाही तेवढंच लागू. माहिती अधिकारात कार्ड कोणी विचारत नाही, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाका, मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाल्यानंतर कोर्टात गेलेलं आयटी कायद्याचं कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन लिखाणावरून अटक करता येणारं कलम, 2015 मधे रद्द झालं हे खरं, पण बदनामीचं कलम अजून आहे, भारतीय न्याय संहितेतलं 356, आणि तुमच्या पाठीशी ना संपादक ना वकील. म्हणून "पैसे खाल्ले" असं लिहू नका, एमबीत रस्त्याची जाडी किती आणि जागेवर टेप लावली तर किती, ते फोटोसकट टाका. पोस्टच्या आधी ठेकेदाराला फोन करून त्याचं म्हणणं घ्याच घ्या, कितीही राग आला असला तरी, माझ्या मते इथेच बहुतेक ब्लॉगवाले कमी पडतात. आणि चूक निघाली तर पोस्ट गुपचूप उडवू नका, दुरुस्ती वरच लिहा.