आधी कड, मग उडी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. चौथ्या लेव्हलच्या आरशापाशी अडकलीस, घड्याळात पंधरा मिनिटं उरलीत आणि तू विचारतेस की कळ दाबली तरी राजपुत्र ऐकत नाही, तर हा गेमच बिघडलेला आहे का. शिवाय पुढे हेही विचारतेस की नव्या आवृत्तीतलं एफ-सिक्स दाबत, पावलापावलाला सेव्ह करत जाऊ, की सरळ कुणाचा तरी व्हिडिओ बघून मोकळी होऊ?

1989चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तू आपणहून उघडलास, म्हणजे तो थोर आहे वगैरे तुला सांगायला नको. सरळ कामाचं बोलते.

राजपुत्र ऐकतो, पण त्याच्या वेळेला. हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कडेला लोंबकळायला लावलं, ते व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून त्या इवल्याशा आकृतीला वजन आहे. डॉसवर, म्हणजे जुन्या पीसीवर, हा गेम सेकंदाला 12 फ्रेम, म्हणजे 12 चित्रं, चालतो. धावण्याचं चक्र 8 फ्रेमचं, आणि त्यातल्या फक्त दोन फ्रेमवर त्याला थांबायची मुभा आहे. म्हणजे तू बाणाची कळ सोडलीस तरी वेळ वाईट असेल तर सेकंदाचा तिसरा हिस्सा तो धावतच राहणार, आणि वर थांबतानाची घसरण वेगळी. तेवढ्यात फरशी संपते. तुझं बोट उठलं तेव्हा त्याचा पाय हवेत होता. हवेतला पाय कुणाचा थांबलाय?

म्हणून आधी कड, मग उडी. या पत्रात हे वाक्य पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

शिफ्ट धरून बाण दाबलास की तो जपून पाऊल टाकतो. कड जवळ असेल तर ते पाऊल आपोआप आखूड होतं आणि तो बरोबर कडेवर येऊन थांबतो. पुन्हा दाबलंस तर पुढे टाकायचा पाय नुसता चाचपून मागे घेतो. ती सूचना असते. तिसऱ्यांदा दाबलंस की खाली जातो, कारण दोनदा सांगूनही तुला कळलं नाही. तुझ्या वर्णनावरून तू शिफ्टचा उपयोग बाटल्या उचलायला आणि वार करायलाच करतेस. अगं, अर्धा गेम त्या कळेत आहे!

धावत मारायच्या उडीला धावायला जागा लागते आणि ती डोळ्यांनी मोजून चालत नाही. फरशा तिरक्या काढल्यात, कड दिसते तिथे नसते. रीत अशी: शिफ्टने कडेपर्यंत जा. उलट्या बाणाला हलकेच स्पर्श करून वळ. जपून पावलं टाकत दोनेक फरशा मागे ये. पुन्हा वळ. आता शिफ्ट सोड, धाव, आणि कड येण्याच्या जरा आधी वरचा बाण दाब. धावण्याची लय बसण्याआधी उडी मिळत नाही, म्हणून अगदी कडेवरून धावत उडी मारायला गेलीस की तो सरळ खड्ड्यात उतरतो. पलीकडे पाय पोचणार नाहीत असं वाटलं तर हवेत असतानाच शिफ्ट दाबून ठेव, समोरची कड हाताला लागते. ही पकड अंगवळणी पडली की तिसऱ्या लेव्हलची ती दरवाजाकडची दौड भीतीदायक वाटेनाशी होते. तुला ती जमली असेल, नाहीतर तू चौथीत नसतीस. पण जमली आणि कळली यांत फरक आहे.

पडण्याचा हिशेब साधा आहे. एक मजला फुकट, दोन मजल्यांना एक त्रिकोण (पडद्याखाली दिसतात ते, तुझी उरलेली ताकद), तीन मजल्यांना जीव. खाली उतरायचं असेल तर कडेकडे पाठ करून खालचा बाण आणि शिफ्ट. तो लोंबकळतो, मग सोड. सैल फरशी ओळखायची असेल तर जागच्या जागी एक उडी मार. त्या रांगेतल्या सैल फरशा थरथरतात, घट्ट असतील त्या गप्प बसतात. सैल फरशी एखाद्या चौकटीवर, म्हणजे पाय पडला की दरवाजा उघडणाऱ्या फरशीवर, पडली तर चौकट दबलेलीच राहते आणि तो दरवाजा मग बंद होत नाही. हे कधी नशिबाने होतं, कधी मुद्दाम करावं लागतं.

जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांमधून शिफ्टने चालत गेलं तर काही होत नाही. धावत गेलीस किंवा वरून पडलीस की संपलं. लोखंडी जबड्यांचंही तसंच: अगदी पुढ्यात जपून उभी राहा, खच्च करून मिटू दे, उघडला की आत. लांबून धावत येऊन वेळ साधायला जाणारे अर्धे होतात.

आता घड्याळ. साठ मिनिटं, बारा लेव्हल, म्हणजे लेव्हलला पाच मिनिटं. हा भागाकार प्रत्येक जण करतो आणि प्रत्येक जण त्यानेच घाबरतो. दर पाच मिनिटांनी पडद्यावर उरलेला वेळ झळकला की हात थरथरायला लागतात. नीट बघ, वेळ जातो कशात? जपून टाकलेल्या पावलाला सुमारे सेकंद लागतो. मेलीस तर लेव्हल पहिल्यापासून, आणि गेलेली मिनिटं काही परत मिळत नाहीत. एका घाईच्या उडीच्या किमतीत किती जपून पावलं येतील, तूच मोज. शिवाय डॉसवर हे घड्याळ खऱ्या मिनिटांचं नाहीच, ते फ्रेम मोजतं: 720 फ्रेम म्हणजे एक मिनिट. तलवारी निघाल्या की गेम सेकंदाला 10 फ्रेमवर येतो, म्हणजे लढाईतलं मिनिट 72 सेकंदांचं होतं. शिपायाशी शांतपणे लढायला गेम तुला जास्तीचा वेळ देतो आणि तू तोच वेळ वाचवायला बघतेस. स्पेसबार दाबून वेळ बघणं आजपासून बंद.

लढाईतही कडच महत्त्वाची असते, फक्त ती दोन तलवारींच्या मधली. टोकं जेमतेम भिडतील एवढं अंतर ठेव. शिफ्ट बडवत सुटू नकोस. समोरचा हात पुढे आला की वरचा बाण, अडव, आणि अडवल्या क्षणी शिफ्ट. अडव-मार, अडव-मार. (तलवारीची ती हालचाल 1938च्या एका चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतलेली आहे, नीट पाहिलं तर तिच्यात नाटकी ऐट दिसते.) पाठीमागे खड्डा असेल तर आधी जागा बदल. शिपाईही कडेवरून पडतो, हे लक्षात ठेव. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तर तलवारीने मरतच नाही, त्याला ढकलतच न्यावं लागतं. आणि तलवार म्यानात असताना वार बसला तर किती त्रिकोण आहेत हे गेम विचारतसुद्धा नाही. एका घावात संपलं.

तुझ्या आरशाचं सांगते, कारण त्याशिवाय तू सोडणार नाहीस. बाहेरचा दरवाजा उघडून परत येताना तो वाटेत उभा राहतो. चालत जाता येत नाही, जागेवरून उडी मारूनही नाही. धावत उडी हवी. म्हणजे काय करायचं? मागे ये, मोज, मग धाव. तू आरशाला चिकटून उभी राहून बाण बडवत होतीस, हे पत्रातच दिसतंय. पलीकडे निघालीस की एकच त्रिकोण उरेल आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी पळत जाईल, ती तुझीच सावली. घाबरू नकोस, पण तिला विसरूही नकोस. पाचव्या लेव्हलला मोठी बाटली तुझ्याआधी तीच पिते.

ही सावली कुठून आली ते ऐकण्यासारखं आहे. गेम आधी ज्या ॲपल टू कॉम्प्युटरवर बनला, त्याची मेमरी संपली होती, नवा शत्रू काढायला जागाच नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं एक बिट, म्हणजे ठिपकाभर, सरकवून स्वतःवरच एक्सॉर करून (दोन्ही चित्रं जिथे वेगळी, तेवढेच ठिपके ठेवून) काढली, आणि चमचमणारं भूत तयार झालं. जागा नाही म्हणून जन्मलेलं पात्र, आणि आम्हा जुन्या लोकांना सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. दरवाजाची खडखड आठवते, चौकट दबल्याचा टक् आवाज आठवतो, राजकन्येने पाठवलेला तो उंदीर आठवतो, पण स्वप्नात येते ती सावली.

एफ-सिक्सबद्दल. मूळ डॉस गेममध्ये सेव्ह होतं, पण तिसऱ्या लेव्हलपासून, कंट्रोल-जी दाबून, आणि उघडल्यावर लेव्हल सुरुवातीपासून. बस, तेवढंच वापर. तू म्हणशील बाईंना जुनं ते सोनं वाटतं. तसं नाही. दर फरशीला सेव्ह केलंस तर कड मोजायची गरजच उरत नाही. वीस वेळा आंधळी उडी मारायची, एकविसावी लागते. गेम संपतो, पण हाताला काही येत नाही. फसवण्याच्या वाटा तेव्हाही होत्या. शिफ्ट-एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उड्या मारता यायच्या, फक्त घड्याळ पंधरा मिनिटांवर यायचं. आणि गेम सुरू करताना 'मेगाहिट' लिहिलं की त्यापुढचं सगळंच मोकळं. तसा बघितलेला राजवाडा मनात राहत नाही, हे मला फार उशिरा उमगलं आणि पहिल्यांदा बघणं दुसऱ्यांदा मिळत नाही. याला हट्ट म्हणायचं तर म्हण. मी तो सोडणार नाही. आणि व्हिडिओचं नाव काढू नकोस.

उरलेल्या पंधरा मिनिटांत तू शेवटापर्यंत पोचणार नाहीस, तेव्हा हा डाव सरावाचा समज. आरसा ओलांड, सहाव्यापर्यंत जाऊन ये. तिथे शेवटी तू सगळं बरोबर मोजशील, उडीही बरोबर मारशील, आणि सावली चौकटीवर पाय ठेवून समोरचा दरवाजा पाडेल. पडशील. ती चूक तुझी नाही, सातव्या लेव्हलची वाट तीच आहे. मग पहिल्यापासून सुरू कर. वाट माहीत असली की पहिल्या तीन लेव्हलना किती कमी वेळ लागतो ते बघ.

बाराव्या लेव्हलबद्दल एवढंच सांगते: सावलीवर केलेला प्रत्येक घाव तुझेच त्रिकोण खातो. लढाईत खालचा बाण कशासाठी असतो ते आठव. त्यानंतर लगेच एक कड येईल, तिथे मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. फक्त तिथेच.

आणि एक राहिलंच. विंडोजवर शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की स्टिकी कीज सुरू करू का, असं विचारणारी खिडकी येते. माझं ऐकून खेळलीस तर ती ऐन कडेवर असतानाच येईल. गेम उघडण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करून टाक. कीबोर्डही एकदा तपास: शिफ्ट, वरचा बाण आणि बाजूचा बाण असे तिन्ही एकदम दाबल्यावर काही स्वस्त कीबोर्ड तिसरी कळ गिळतात. तसं होत असेल तर डावीऐवजी उजवी शिफ्ट वापरून बघ, नाहीतर दुसरा कीबोर्ड लाव. तेवढ्यापुरतं मान्य करीन की राजपुत्र खरंच ऐकत नव्हता.

तुझी,
एक जुनी खेळाडू