आरसीवरचा मालक टोरांटोत, गाडी विक्रोळीत

प्रश्न : जून 2012 मध्ये नोंदलेली एमएच 03 ची पेट्रोल गाडी मी दलालामार्फत गेल्या दिवाळीत घेतली. 1,85,000 रुपये विक्रेत्याच्या खात्यात एनईएफटीने भरले, दलालाने 'नावबदलीसकट' म्हणून 8,000 वेगळे घेतले. विक्रेता नावबदलीच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आठवड्याभरात कायमचा टोरांटोला गेला. आरसी अजून त्याच्याच नावावर आहे. तिच्यावर देना बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, दिसतो. कर्ज 2017 मध्येच फिटले होते, असे तो म्हणतो. ऑनलाइन अर्ज भरला की ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. दलाल फोन उचलत नाही. त्यात घाटकोपरला बंपर फुटला आणि विमा कंपनीने 14,000 चा क्लेम नाकारला. विक्रेत्याचे वडील चेंबूरला राहतात, ते मदतीला तयार आहेत. गाडी माझी की त्याची? आता काय करू?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुम्ही पैसे दिले, त्याने गाडी ताब्यात दिली, म्हणजे तुमच्या दोघांपुरता विचार केला तर गाडी तुमची झाली. वस्तू विक्रीचा 1930 चा कायदा एवढ्यावर मालकी बदलली असे मानतो. पण आरटीओ, विमा कंपनी आणि अपघात न्यायाधिकरण यांच्या हिशेबी मालक अजून टोरांटोतला गृहस्थच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) मध्ये ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, अशी व्याख्या आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीच धरून ठेवली. त्या प्रकरणात गाडी एका हातातून दुसऱ्या हातात अशी बरीच फिरली होती, तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच आली.

हा निकाल विक्रेत्याला आवर्जून कळवा. गाडी विकून आपण मोकळे झालो असे त्याला वाटत असणार. उद्या तुमच्या हातून कुणी जखमी झाले तर नोटीस चेंबूरच्या पत्त्यावर त्याच्या नावाने येईल, हे एकदा समजले की कागद पाठवायला सहसा उशीर होत नाही. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दोन्ही मुदती उलटल्यात. त्याने व्यवहार रद्द होत नाही, दंड आणि उशिराचे शुल्क तेवढे भरावे लागते.

सगळ्यात आधी गाडी उभी करा. तुमच्या पत्रातला सर्वांत धोक्याचा भाग विम्याचा आहे आणि त्याकडे तुम्ही फक्त बंपरच्या अंगाने पाहताय. पॉलिसीचे तीन भाग वेगवेगळे वागतात. तिऱ्हाइताला इजा झाली तर कलम 157 मुळे थर्ड पार्टी विमा गाडीसोबत आला असे मानले जाते, त्यामुळे पॉलिसी चालू असेपर्यंत जखमी माणूस वाऱ्यावर पडत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही. तो विमा कंपनी आणि जुना मालक यांच्यातला करार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणातल्या 1996 च्या निकालापासून हे पक्के आहे, म्हणून तुमचा क्लेम नाकारला गेला. तिसरा भाग कुणी पाहतच नाही. 15 लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात कवच नोंदणीकृत मालक-चालकाला असते. आज तुम्ही चाकामागे असताना काही बरेवाईट झाले, तर तुमच्या घरच्यांना त्यातला छदामही मिळणार नाही.

बंपरचे 14,000 सोडून द्या. गॅरेजवाला म्हणेल, 'जुन्या मालकाच्या नावाने टाकतो, सही मी बघतो.' ती सही खोटी ठरते आणि पुढचा खरा क्लेमही संशयात जातो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुरेंद्र कुमार भिलावे प्रकरणात नोंदणीकृत मालकाला नावबदली झालेली नसताना भरपाई मिळाली, हे खरे. पण तिथे क्लेम ज्याच्या नावावर आरसी आणि पॉलिसी होती त्यानेच केला होता. तो निकाल विक्रेत्याच्या उपयोगाचा आहे.

याच आठवड्यात विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज द्या. सोबत फॉर्म 29, 30 च्या प्रती, पैसे दिल्याचे बँक स्टेटमेंट आणि विक्रेत्याचे संमतीचे ईमेल जोडा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे त्याला मिळालेली सूट तुम्हाला भरून द्यावी लागेल. कंपनी गाडीची पाहणीही करेल. फुटलेला बंपर आधी बदलून घ्या, नाहीतर पाहणीतच अडकेल.

आता ताब्याचा कागद. तुमच्याकडे डिलिव्हरी नोट नाही असे पत्रावरून दिसते. ती आज बनवा आणि तिच्यावर आजचीच तारीख घाला. मजकुरात लिहा की, गाडी अमुक तारखेला, अमुक वाजता, इतक्या किलोमीटरला ताब्यात दिली-घेतली, हे दोघे आज मान्य करतो. जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो बनावट दस्त होतो. या कागदाचा लगेचचा उपयोग ई-चलनांसाठी. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकले की प्रत्येक चलनाची तारीख-वेळ दिसते, बहुतेकांना फोटोही असतो. ताब्याच्या आधीची त्याची, नंतरची तुमची. थकलेली चलने नावबदलीच्या आड येतात, म्हणून आधी सगळी भरून टाका, हिशेब मागाहून करा.

एचपीचे प्रकरण दिसते तेवढे अवघड नाही. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तेव्हा कर्ज फिटल्याची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आता बँक ऑफ बडोदाची शाखा देईल, सही-शिक्काही तिचाच. अडचण एकच. बँक हे कागद कर्जदारालाच देते. विक्रेत्याने बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून अर्ज करावा, जुना कर्ज खाते क्रमांक द्यावा आणि वडिलांना कागद घेण्याचा अधिकार द्यावा. अशी एनओसी साधारण तीन महिने चालते, म्हणून बाकीचे कागद जुळत आल्यावरच काढा. एचपी असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय नावबदली नोंदली जात नाही, हे कलम 51 सांगते.

सगळ्याची किल्ली आहे मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी. ते वडिलांच्या नावे करून घ्या. तुमच्या नावे नको, कारण विकणाऱ्याचा मुखत्यार आणि घेणारा एकच माणूस असला की आरटीओतला कारकून भुवया उंचावतो आणि त्याचे फारसे चुकतही नाही. सर्वसाधारण मुखत्यारपत्रही नको. या एकाच गाडीपुरते, नोंदणी, चासी आणि इंजिन नंबर लिहून. त्यात अधिकार स्पष्ट हवेत : फॉर्म 29, 30 आणि 35 वर सही करणे, बँकेची एनओसी घेणे, आरटीओच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलणे, चलने भरणे, विमा कंपनीला संमती देणे. मोबाइलचे कलम हमखास राहून जाते आणि मग सगळे ओटीपीपाशी अडते.

हे टोरांटोत दोन तऱ्हांनी होते. भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकित करायचे, किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून अपॉस्टिल (करारातले देश एकमेकांचे मानतात ते सरकारी प्रमाणीकरण) घ्यायचे. कॅनडा 11 जानेवारी 2024 पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे दुसरा मार्गही कायद्याने पुरेसा आहे. तरी मी दूतावासाचा शिक्का सुचवेन. वडाळ्याच्या आरटीओच्या खिडकीवर तो शिक्का ओळखीचा असतो, अपॉस्टिल समजावून सांगावे लागते. सोबत पासपोर्टची स्वाक्षरीत प्रत असू द्या. कागद मुंबईत पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्यावर मुद्रांक शुल्क भरा. कुरिअरचे पाकीट फेकू नका, कधी पोचले त्याचा तोच पुरावा. आणि ही कामे रेंगाळू देऊ नका. मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की ते संपते, मग मृत्यूनंतरच्या नावबदलीचा फॉर्म 31 घेऊन वारसांच्या मागे लागावे लागते.

ओटीपीसाठी दलाल एक युक्ती सांगतात : विक्रेत्याचा म्हणून तुमचाच दुसरा नंबर टाकून द्या. तसे केलेत तर विक्रेत्याची म्हणून नोंदलेली संमती खरे तर तुमची असेल. वडिलांनी मुखत्यारपत्र जोडून स्वतःचा नंबर नोंदवण्याचा अर्ज करावा. तुमच्याकडचे सही केलेले जुने फॉर्म नीट पाहा. चासीचा पेन्सिल ठसा स्पष्ट आहे का, सही त्याच्या पॅनवरच्या सहीशी जुळते का. शंका असेल तर वडिलांच्या सहीने नवे भरा. रिकामी राहिलेली त्याची कॉलमे तुम्ही भरू नका.

दलालाला सोडू नका. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते त्याच्याकडे होते का विचारा. नावबदलीचे पैसे घेऊन काम केले नाही, ही सेवेतली त्रुटी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 'नावबदलीसकट' हा शब्द व्हॉट्सॲपवर असेल तर संभाषण पूर्ण एक्सपोर्ट करा, नुसता स्क्रीनशॉट नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागेल. विक्रेत्यावर शहर दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो, पण पावणेदोन-दोन लाखांच्या गाडीसाठी तो परवडत नाही. तशी वेळ आलीच तर आधी ईमेलने नोटीस पाठवा.

अर्ज करण्याआधी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला ती नसेल तर आरटीओ नावबदली करत नाही. मागे-पुढे दोन प्लेटा आणि काचेवरचा स्टिकर, तिन्ही हवेत.

आणि जून 2027 वर लक्ष ठेवा. त्या महिन्यात नोंदणीची 15 वर्षे संपतात. दिल्लीतले गाडीच्या वयाचे बंधन मुंबईला लागू नाही, इथे पाहणीत पास झाली तर 5 वर्षांचे नूतनीकरण मिळते. अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून, फी 5,000 रुपये आणि वर पर्यावरण कर. पण तो अर्ज नोंदणीकृत मालकच करू शकतो, तेव्हा त्याआधी आरसीवर तुमचे नाव चढलेले असले पाहिजे.