रिव्हाइजचं बटण दाबण्याआधी

विंडचिलमध्ये, म्हणजे ड्रॉइंग आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ड्रॉइंगपुढे ए.१, ए.२, ए.३ बघून तू गोंधळलास, त्यात नवल नाही. टिंबापुढचा आकडा म्हणजे इटरेशन, दर चेक-इनला, म्हणजे बदललेली फाइल सिस्टीममध्ये परत जमा केली की, आपोआप वाढतो. अक्षर म्हणजे रिव्हिजन, ते मात्र कुणीतरी मुद्दाम रिव्हाइज केल्यावरच बदलतं. ड्रॉइंग अजून रिलीज, म्हणजे मंजूर होऊन वापरासाठी खुलं, झालं नसेल तर अक्षराला हात लावू नकोस, इटरेशन वाढू देत खुशाल.

एचनंतर थेट जे दिसलं तर सिस्टीम बिघडलेली नाही. एएसएमई वाय१४.३५ या ड्रॉइंग-रिव्हिजनच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड वगळतात. आय म्हणजे १ की अक्षर, हा घोळ प्रिंटवर फार होतो.

खरी अक्कल लागते ती रिव्हिजन की नवा पार्ट नंबर हे ठरवताना. जुना आणि नवा पार्ट स्टोअरच्या एकाच बिनमध्ये (खोक्यात) मिसळले तर चालेल का, एवढंच विचार. चालत असेल तर रिव्हिजन. नसेल, म्हणजे आकार, बसणं किंवा काम बदललं असेल, तर नवा नंबर. मी एकदा ८ मिमीचं भोक ८.५ केलं आणि नवा नंबर न घेता नुसती ‘बी’ रिव्हिजन काढली. स्टोअरमध्ये दोन्ही एकाच नंबराखाली पडले, असेंब्लीवाल्यांनी आठवडाभर माझा उद्धार केला.

टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतलं, अक्षर हाताने टाइप करू नकोस, पॅरामीटरला जोड, म्हणजे ते सिस्टीममधून आपोआप येईल. आणि व्हेंडरच्या भिंतीवरची जुनी प्रिंट स्वतः जाऊन काढून आण. ते काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही.