नोकरी गेली, आता सीएनसीचा कोर्स करावा का?

प्रश्न : वय ३८. वाळूजच्या कारखान्यात ११ वर्षं ऑपरेटर होतो, पगार २०,००० रुपये. कपातीत नोकरी गेली. हातात १,८०,००० रुपये आहेत, घरखर्च महिन्याला १६,०००. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीन) प्रोग्रॅमिंगचा चार महिन्यांचा कोर्स ४०,००० रुपयांना आहे. ठेकेदाराकडे १४,००० वर लगेच काम मिळतंय. मित्र म्हणतात, या वयात शिकून काय?

उत्तर : तुम्हाला अजून वीस वर्षं कमवायचंय, त्यामुळे वयाचा मुद्दा सोडून द्या. नोकरी गेलेला माणूस प्रशिक्षणाला जात नाही म्हणून त्याला आळशी ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. फुकटचा कोर्ससुद्धा लोक अर्ध्यात सोडतात, कारण तेवढे दिवस किराणा आणि मुलांची फी थांबत नाही.

तुमचा खरा खर्च ४०,००० नाही. चार महिन्यांची बुडालेली मजुरी ५६,०००, म्हणजे एकूण ९६,०००. कोर्सनंतर २०,००० मिळाले तर ठेकेदारापेक्षा महिन्याला ६,००० जास्त. वसुलीला १६ महिने. १७,०००च मिळाले तर ३२ महिने.

आता महत्त्वाचं. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापलं जात होतं ना? राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, कपात झालेल्या आणि अटींत बसणाऱ्या विमाधारकाला पहिले १२ महिने सरासरी मजुरीच्या ५० टक्के भत्ता मिळतो, पुढचे १२ महिने २५ टक्के. तुमच्या बाबतीत चार महिन्यांचे साधारण ४०,००० होतात. मग खरा खर्च ५६,००० वर येतो आणि वसुली नऊ-दहा महिन्यांत. याच योजनेत प्रशिक्षणाचीही सोय आहे. तिची चौकशी केल्याशिवाय फी भरू नका. मात्र कंपनीने तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला असेल तर हा दावा अडकतो. बऱ्याच कामगारांचं नुकसान इथेच होतं.

भत्ता मिळणार असेल तर कोर्स कराच, असं माझं मत आहे. नसेल तर ठेकेदाराचं काम धरा आणि संध्याकाळची बॅच शोधा. दोन्ही बाबतींत कर्ज काढू नका, पीएफला हात लावू नका. पैसे भरण्याआधी गेल्या बॅचच्या मुलांना भेटून पगार विचारा. वाळूज-शेंद्र्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्येही जा. अकरा वर्षं मशीनवर काढलेला माणूस सेटर-प्रोग्रॅमर (मशीन लावणारा आणि तिचा प्रोग्रॅम लिहिणारा) म्हणून किती पगारावर घ्याल, ते मालकांच्याच तोंडून ऐका.

ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाताना कंपनीचं पत्र आणि विमा क्रमांक सोबत न्या. पत्रात ‘कपात’ लिहिलंय की ‘राजीनामा’, तेवढं मला कळवा.