बोटं गेली, शेठ म्हणतो तू तर नवीन

प्रश्न: ताई, मिस्टर चाकणला पॉवर प्रेसवर लागून बारा दिवस झाले नि दोन बोटं गेली. शेठ म्हणतो ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) नवीन माणसाला काही मिळत नाही, रजा टाक. खरंय?

उत्तर: छे! 78 दिवसांच्या वर्गणीची अट आजारपणाच्या भत्त्याला असते, कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून हक्क आहे, पगाराच्या साधारण 90 टक्के, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. त्यामुळे रजा टाकूच नका. शेठने ॲक्सिडेंट रिपोर्ट दिला का बघा, त्यात ‘घरी लागलं’ असलं काही नाही ना हे वाचूनच सही करा, डाव्या हाताने का होईना. जखम भरली की मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची समिती, कमाईची ताकद किती टक्के गेली ते तिथे ठरतं, त्या हिशोबाने महिन्याला पैसे मिळतात, आणि मिस्टर परत कामाला लागले तरी ते चालूच राहतात.