मेक्सिकन जेवणाचा अभिप्राय लिहिण्यापूर्वी
छत्रपती संभाजीनगरातील एकाच मेक्सिकन रेस्टॉरंटबद्दल कोणी भरभरून लिहितो, तर कोणी नाराज होऊन परततो, हे वाचून तुम्ही गोंधळू नका. शनिवारी रात्रीच्या गर्दीत मला पाऊण तासाने थंड मिळालेला टाको (सारण भरून दुमडलेली पातळ पोळी) मंगळवारी दुपारी तिथेच गरम आणि उत्तम मिळाला होता. म्हणून किमान दोनदा जाऊन मगच लिहा. मक्याचा टॉर्टिया, म्हणजे टाकोची ती पोळी, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्यापासून होतो, त्यामुळे त्याचा वेगळा वास हा दोष नव्हे. मात्र आपल्या ज्वारीच्या भाकरीप्रमाणे तोही गार झाला की चिवट होतो. ग्वाकामोले (ॲव्होकॅडोची चटणी) काळपट दिसले, तर ॲव्होकॅडो कापून बराच वेळ झाला असावा, असे समजून वेटरला तिथेच नम्रपणे सांगा. मला ते बदलून मिळाले आहे.